आधी ‘च’ खोडा

तीन वर्षांपूर्वी एकदा रात्री साडेअकराला मुलाचा मेसेज आला. पहिली ओळ होती, ‘आई, आज राजिनामा दिला.’ खाली बरंच काही होतं. साहेबांशी काय झालं, झोप कशी लागत नाही, पुढचं अजून काही ठरलेलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं आणि उत्तर पाठवलं : ‘राजीनामा. जी दीर्घ.’

तिकडून ‘बरं’ आलं. त्यानंतर आठ महिने वर केलेला अंगठा सोडला तर त्याच्याकडून मला फारसं काही आलं नाही.

मी ३१ वर्षं प्रूफं तपासली. दिवसभर ‘चूक’ की ‘बरोबर’ एवढाच निकाल देत बसलेल्या माणसाचं तोंड संध्याकाळी घरी आल्यावर आपोआप बदलत नाही. नवरा एखादी हकीकत सांगायला लागला की मी त्यातली तारीख दुरुस्त करायची. मैत्रीण रडत असली तरी तिने ‘ण’च्या जागी ‘न’ म्हटलेला मला आधी ऐकू यायचा. लोक माझ्यापाशी जपून बोलत, आणि मी त्याला आदर समजत होते.

अहंकार सोडा म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो धरायचा कुठे आणि सोडायचा कसा, हे विचारलं की त्यांची गाडी अध्यात्माकडे वळते, आणि तिथे माझं डोकं चालत नाही. मला तो वाक्यात सापडला. वाक्यातलं नको ते शोधून खोडणं हे एवढं एक काम मला येत होतं, म्हणून तिथून सुरुवात केली. करून बघायचं असेल तर मी कशी गेले ते सांगते. क्रम पुढेमागे झाला तरी चालेल, पहिली पायरी तेवढी गाळू नका.

‘च’ मोजा

एक साधा दिवस निवडा. खिशात कागद ठेवा आणि तोंडून ‘च’ निघाला की रेघ ओढा. ‘चाक’ किंवा ‘चावी’तला सोडा, शब्दाच्या शेपटीला चिकटतो तो मोजा. ‘तो येणारच नाही.’ ‘हे असंच असतं.’ ‘मी सांगितलंच होतं.’ पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ४३ रेघा झाल्या आणि मग कागद हरवला. मीच हरवला असावा.

सगळे ‘च’ खोडायचे नाहीत. ‘ती आजच निघाली’ यातला काढला तर माहिती कमी होते. काल नाही, उद्या नाही, आज, हे तो सांगत असतो. आता ‘तो मुद्दामच करतो’ यातला काढून बघा. माहिती होती तेवढीच राहते, फक्त माझा आवाज खाली येतो. म्हणजे त्या माणसाबद्दल तो काही सांगत नव्हता, माझ्याबद्दल सांगत होता. प्रत्येक ‘च’ला हीच कसोटी लावायची. (हो, हाही एक. हा राहू दे.)

गंमत अशी, की ‘च’ गळला की शेजारचा शब्दही डुगडुगायला लागतो. ‘तो मुद्दाम करतो.’ मुद्दाम? हे मला कुठून कळलं? ‘च’ होता तोवर हा प्रश्न सुचला नव्हता.

‘च’ची भावंडंही मोजा : नेहमी, कधीही, सगळे, कुणीही, पूर्णपणे, काहीच. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या दोन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरच्या ६३ गटांतल्या ६,४००हून जास्त लोकांचं इंग्रजी लिखाण त्यांनी तपासलं होतं. असे टोकाचे शब्द इतर गटांच्या मानाने चिंता आणि नैराश्यावर बोलणाऱ्या गटांत सुमारे ५० टक्के जास्त निघाले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांच्या गटांत सुमारे ८० टक्के जास्त. शब्दांमुळे दुखणं येतं असं यावरून म्हणता येत नाही; दुखण्यामुळे शब्द तसे होत असतील. मी हे वाचलं आणि मुलाचा तो मेसेज पुन्हा उघडला. सातवी ओळ होती, ‘माझं कधीच काहीच धड होत नाही.’ एका वाक्यात दोन ‘च’. व्याकरणदृष्ट्या ओळ निर्दोष होती, म्हणून माझी नजर तिच्यावरून सरळ पुढे गेली होती.

स्वतःशी बोलताना सगळ्यात चिवट ‘च’ असतो तो ‘पाहिजेच’मधला. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास सुरू केलेल्या उपचारपद्धतीचा बराचसा रोख या ‘पाहिजेच’वर आहे. त्याच्या जागी ‘झालं तर बरं’ ठेवून बघा. काम तेवढंच करावं लागतं, मानेवरचं ओझं तेवढं उतरतं.

खात्रीवर तारीख टाका

माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. एका कथेत म्हातारी नातवाला म्हणते, ‘वाईच दम धर.’ मला हा शब्द माहीत नव्हता. मला माहीत नसलेला मराठी शब्द असू शकतो, हेही माहीत नव्हतं. जुळणी करणाऱ्याकडून ‘ट’ राहिला, अशी माझी शंभर टक्के खात्री. मी समासात ‘ट’ घातला, आणि पुस्तकात छापून आलं : ‘वाईटच दम धर.’ म्हातारी बिचारी ‘थोडा’ म्हणत होती.

मला आजही आठवतो तो त्या ‘ट’ लिहितानाचा हात. जराही अडखळला नाही. चुकीची खात्री आणि बरोबर खात्री आतून अगदी सारख्या लागतात. त्या वेळी फरक कळायला काही मार्ग नसतो. म्हणून खात्री वाटली की मी आता दोन प्रश्न विचारते : हे मला केव्हापासून माहीत आहे, आणि कुणी सांगितलं म्हणून?

शुद्धलेखनाचं उदाहरण घ्या, माझा बालेकिल्ला होता तो. ज्या नियमांवर मी लोकांना पाण्यात पाहिलं, ते साहित्य महामंडळाने तयार केले आणि सरकारने १९६२ साली मान्य केले. तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले. त्याआधी ‘नांव’ आणि ‘कांहीं’ लिहिणारा माणूस बरोबर होता. मग उच्चारात न येणारे अनुस्वार गेले, आणि त्याच माणसाचं तेच अक्षर चुकीचं ठरलं. आजोबांच्या वह्या वाचताना मी मनातल्या मनात त्यांचे अनुस्वार खोडत गेले होते. त्यांनी लिहिलं तेव्हा ते शुद्ध होतं. नियम फेकून द्या असं मी म्हणत नाही, मी अजून ते पाळते. पण ज्याला जन्मसाल आहे त्याला त्रिकालाबाधित सत्यासारखं मिरवता येत नाही.

करायचं ते एवढं : आपल्या तीन पक्क्या मतांपुढे कंसात साल लिहायचं, कुठून आलं ते लिहायचं. माझ्या दोन मतांपुढे वडिलांचं नाव आलं आणि तिसऱ्यापुढे काहीही लिहिता आलं नाही.

‘आहे’ खोडू नका, विशेषण खोडा

इथे मी एक आठवडा वाया घालवला, तो तुमचा वाचवते. आल्फ्रेड कोझिब्स्की या मूळच्या पोलंडच्या विचारवंताने १९३३च्या आपल्या ग्रंथात बजावलं होतं, की ‘अमुक म्हणजे तमुक आहे’ असं म्हणताना आपण शब्द आणि वस्तू एक समजून बसतो. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, हे त्याचं म्हणणं. त्याच्या परंपरेतल्या डेव्हिड बोरलँडने १९६५ मध्ये पुढचं टोक गाठलं. इंग्रजीतून ‘असणे’ या क्रियापदाची सगळी रूपं काढून टाकून लिहायचं, अशी त्याची सूचना.

मी मराठीत ते करायला गेले आणि तोंडावर पडले. एक तर आपला ‘आहे’ नुसता निकाल देत नाही, ‘मी येत आहे’ असा काळही दाखवतो. तो काढून काय मिळणार? दुसरं, आपल्याला ‘आहे’शिवाय निकाल देता येतो. ‘पोरगा आळशी.’ झालं, क्रियापदाला हातही न लावता पोरगा गारद.

तेव्हा मराठीत हात घालायचा विशेषणाला. ‘तो आळशी आहे’ लिहा, ‘आळशी’ खोडा आणि त्या जागी डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहा. ‘या महिन्यात तो चार वेळा उशिरा आला.’ वाक्य लांबतं आणि बोलायला कमी चविष्ट होतं, कबूल. पण उशिरा येण्याला कारण असू शकतं, ते विचारता येतं. आळशी असण्याला काय विचारणार? स्वतःबद्दलची वाक्यंही अशीच फिरवा. ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मी ४० वर्षं बाळगलं. खरं काय होतं? नववीत दोन चाचण्यांत नापास झाले होते.

कुठून कळलं ते सांगा

कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर, ॲमेझॉनच्या खोऱ्यात तुयुका नावाची भाषा बोलतात. तिच्यात नुसतं ‘तो खेळला’ म्हणता येत नाही. मी पाहिलं, मला ऐकू आलं, खुणांवरून कळलं, कुणी तरी सांगितलं, की मी धरून चालले आहे, हे क्रियापदाच्या प्रत्ययातून दाखवावं लागतं. पाच प्रकार आहेत. तुर्की भाषेतही न पाहिलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे.

मराठी आपल्याला तशी सक्ती करत नाही. अवजारं मात्र सगळी घरात आहेत, आणि गंजत पडली आहेत. ‘तो गेला म्हणे’ यात मी पाहिलं नाही हे आलं. ‘गेला असावा’ यात मी खुणांवरून बोलते हे आलं. ‘गेलेला दिसतोय’ यात रिकामी खुर्ची आली. चार दिवस रात्री घरच्यांना दिवसभराची हकीकत सांगताना प्रत्येक क्रियापदाला यातलं योग्य ते लावून बघा. मी लावलं तेव्हा कळलं, की माझ्या ऑफिसच्या कहाण्यांपैकी निम्म्याअधिक ‘म्हणे’च्या होत्या. मी त्या ‘पाहिलं’च्या सुरात सांगत होते, आणि कुणी शंका काढली की चिडत होते. ‘म्हणे’ लावल्यावर चिडायला कारण उरलं नाही. ज्याने सांगितलं त्याचं तो बघेल.

‘म्हणे’चा एक वापर टाळा. ‘मोठा विद्वान म्हणे!’ यात ऐकीव काही नसतं, नुसता चिमटा असतो.

‘बहुतेक’, ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ हे शब्द वापरताना मनात आकडा धरा. शर्मन केंट हे अमेरिकी गुप्तवार्ता खात्यात अंदाज लिहिणारे अधिकारी होते. १९५१ मध्ये त्यांच्या विभागाने लिहिलं, की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानली पाहिजे. मसुद्याला सगळ्यांची संमती होती. मग एकाने सहज विचारलं, याचा अर्थ किती? केंट यांच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने ६५ विरुद्ध ३५ होतं, विचारणाऱ्याने बरंच कमी धरलं होतं. केंट सहकाऱ्यांना विचारत फिरले तेव्हा उत्तरं २० विरुद्ध ८० पासून ८० विरुद्ध २० पर्यंत आली. एकाच वाक्यावर सगळ्यांची सही, आणि प्रत्येकाचं वाक्य वेगळं. हा खेळ आम्ही घरी खेळलो. माझा ‘बहुतेक’ दहात आठ होता, नवऱ्याचा दहात तीन. २६ वर्षांची काही भांडणं तिथल्या तिथे उलगडली.

नम्रतेचं सोंग

इथवर आल्यावर एक रोग जडतो. मला जडला होता. ‘मला आपलं वाटतं हं’, ‘माझं चुकतही असेल’, ‘मी काय, सामान्य बाई’, आणि यांच्या मागून ‘पण’. त्या ‘पण’नंतर जुना निकाल शाबूत. मऊ कापडात गुंडाळलेला दगड. समोरच्याला लागतो तेवढाच, वर त्याला ओरडताही येत नाही.

ओळखायला सोपं आहे. ‘माझं चुकत असेल’ म्हटल्यावर थांबा आणि स्वतःला विचारा, काय दिसलं तर मी हे मत सोडेन? उत्तर येत असेल तर वाक्य खरं. येत नसेल तर सरळ ‘माझी खात्री आहे’ म्हणा, ते जास्त प्रामाणिक.

सगळ्याच वाक्यांना ‘कदाचित’ चिकटवणं हाही पळ काढण्याचा प्रकार आहे. कुणी पकडू नये म्हणून निसरडं राहायचं. जैन तर्कशास्त्रातला ‘स्यात्’ यावर चांगला उतारा आहे. पुष्कळ लोक त्याचा अर्थ ‘कदाचित’ लावतात. तो तसा नाही. ‘एका बाजूने पाहता’ असा आहे. स्याद्वादात एकाच गोष्टीबद्दल सात प्रकारची विधानं करता येतात आणि प्रत्येकाला आपली बाजू सांगून उभं राहावं लागतं. हे मला फार पटलं. ‘कदाचित मुलाने घाई केली’ हे गुळमुळीत झालं. ‘पगाराच्या बाजूने पाहता त्याने घाई केली, झोपेच्या बाजूने पाहता उशीर केला’ यात दोन्ही वाक्यं ठाम आहेत, आणि एकानेही दुसऱ्याचा गळा धरलेला नाही.

भावनेला ‘मला’, कृतीला ‘मी’

सगळ्यात जास्त सुटका मला इथे मिळाली, आणि ती मराठीनेच दिली. आपण म्हणतो, ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला कंटाळा आलाय’. या वाक्यांत मी कर्ता नाही. राग कर्ता आहे, तो आला, माझ्यापाशी आला. जो आला तो जाणार, हे क्रियापदातच आहे. ‘मी रागीट आहे’ म्हटलं की त्याच पाहुण्याच्या नावाची पाटी दाराला लागते. म्हणून स्वतःच्या स्वभावाबद्दलचं वाक्य तोंडावर आलं की ते ‘मला’ने सुरू करून बघा. ‘मी भित्री आहे’ ऐवजी ‘फोन वाजला की मला भीती वाटते’. दुसऱ्या वाक्यातून बाहेर पडायला दार आहे.

याची उलटी बाजू तितक्याच कडकपणे पाळावी लागते. ‘वाईटच दम धर’ छापून आल्यावर लेखकाचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, ‘छपाईत चूक झाली.’ बघा, किती सोयीचं वाक्य. चूक झाली, जसा पाऊस झाला. करणारा कुठेही नाही, आणि ऐकणाऱ्याने ती जुळणी करणाऱ्या माणसाच्या माथी मारली. मला अहंकार नव्हता म्हणून ‘मी’ गायब झाला का? उलट, तो वाचवण्यासाठी मी त्याला वाक्यातून हळूच बाहेर काढलं होतं. कृती असेल तिथे ‘मी’ हवा : मी चूक केली. मी तो शब्द न विचारता बदलला. असं म्हणताना घसा कोरडा पडतो, पण ते एकदा म्हणून झालं की राखण करायला काही उरत नाही. ‘छपाईत चूक झाली’ची मी पुढे कितीतरी वर्षं राखण केली. कुणाला काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवण्यात माणसाची किती शक्ती जाते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

कुठे हे करू नये

नकार देताना. ‘नाही’ला ‘म्हणजे तसं काही नाही, पण’ जोडू नका. औषधाची मात्रा सांगताना, कुणाला धोक्यापासून ओढून काढताना. आणि जी माणसं आयुष्यभर ‘माझं काय, कसंही चालेल’ म्हणत आली, त्यांनी हा लेख उलटा वाचावा. त्यांच्या वाक्यांत ‘च’ची उधळपट्टी कधी झालेली नाही, त्यांना तो वापरायला शिकायचं आहे. माझ्या एका सहकारी बाईंनी निवृत्तीच्या आदल्या वर्षी पहिल्यांदा ‘मला हे नकोच आहे’ म्हटलं, आणि त्या संध्याकाळी त्या चालत घरी गेल्या, गुणगुणत.

मुलाचं म्हणाल तर मी त्याला फोन करून सांगितलं, की त्या रात्री मी सातवी ओळ सोडली आणि पहिली पकडली. मी केलं ते, असं म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग दुसऱ्याच विषयावर बोलला. मीही फार खणलं नाही.

गेल्या महिन्यात त्याने विचारलं, पुन्हा शिकायला जाऊ का, या वयात. पूर्वीची मी असते तर उत्तर तयार होतं, ‘च’सकट. मी फोनवर घाईघाईत टाइप केलं : ‘मला माहित नाही रे. तुला काय वाटतं?’

लगेच उत्तर आलं. ‘माहीत. ही दीर्घ.’

आणि त्याच्यापाठोपाठ तीन भलेमोठे परिच्छेद. पहिल्याच ओळीत ‘परिक्षा’ होतं. मी पुढे वाचत गेले.